छात्रसैनिक पथकाच्या स्वयंसेवकांना वर्षअखेरीचे आभारपत्र : प्रथमच लिहिणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

मुंबईतील एखाद्या छात्रसैनिक पथकाचा पत्रव्यवहार यंदा प्रथमच तुमच्याकडे आला असेल, तर डिसेंबर जवळ येताच एक काम तुमच्यापुढे उभे राहील. वर्षभर रविवारची सकाळ आणि घरची कामे बाजूला ठेवून मुलांसाठी राबलेल्या स्वयंसेवकांना पथकातर्फे आभाराचे पत्र लिहायचे असते. हे काम सांगताना ते दोन ओळींचे असल्यासारखे सांगितले जाते. प्रत्यक्षात लिहिण्याला एखादी संध्याकाळ पुरते; कोणी काय केले हे शोधून काढायला मात्र दोन-तीन आठवडे लागतात. बहुतेक आभारपत्रे कोरडी होतात त्याचे कारण लिहिणाऱ्याची भाषा कमी पडते हे नसून त्याच्यापुढे नोंदीच नसतात, हे आहे. म्हणून या लेखातील अधिक भाग नोंदी आणि यादी यांवर आहे.

हा लेख कोणत्याही एका संघटनेपुरता नाही. राष्ट्रीय छात्रसेना 1948 च्या केंद्रीय कायद्याने स्थापन झाली आहे आणि तिच्या शाळा-महाविद्यालयांतील तुकड्या सहयोगी अधिकारी म्हणून नेमलेले शिक्षक सांभाळतात. तरीही माजी छात्रसैनिक आणि पालक यांची मदत तेथेही लागतेच. सी कॅडेट कोर, भारत स्काउट्स आणि गाईड्स यांची पथके आणि शाळांमधील रस्ता सुरक्षा दल यांच्या कामाचा मोठा भार तर विनामूल्य वेळ देणाऱ्या माणसांवरच असतो. पुढील पायऱ्या या सर्वांना थोड्याफार फरकाने लागू पडतील.

आधी हाताशी काय हवे

लिहायला बसण्यापूर्वी पुढील गोष्टी एका जागी जमा करा. त्या वेगवेगळ्या लोकांच्या कपाटांत असतात, त्यामुळे मागणी नोव्हेंबरच्या मध्यावरच करून ठेवा.

- कवायतीचा हजेरीपट. मुलांच्या हजेरीखाली त्या दिवशी कोण प्रशिक्षक उपस्थित होते, याची नोंद बहुधा असते.
- शिबिरे, सहली आणि बंदोबस्ताच्या मदतीसाठी काढलेले कामवाटपाचे तक्ते.
- खर्चाच्या पावत्यांची फाइल आणि भांडाराची नोंदवही.
- प्रथमोपचाराची नोंदवही.
- स्वयंसेवकांची नावे, पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक असलेली चालू यादी.
- गेल्या वर्षीच्या आभारपत्रांच्या प्रती.
- पथकाचे पत्रशीर्षक असलेले कागद, शिक्का आणि जावक नोंदवही.

पावत्यांची फाइल पाहून काही जणांना आश्चर्य वाटेल. मात्र कोणी स्वतःच्या खिशातून ग्लुकोजची पाकिटे, दोरी किंवा बुटांचे पॉलिश आणले आणि त्याचे पैसे परत मागितलेच नाहीत, हे त्याच फाइलमधील रिकाम्या जागांवरून कळते. शिबिराच्या साहित्याची यादी आणि प्रत्यक्ष लावलेल्या पावत्या शेजारी ठेवून पाहा. ज्या वस्तू आल्या पण ज्यांची पावती नाही, त्या कोणीतरी आणलेल्या आहेत.

1. वर्ष कोणते आणि पत्र कधी पोहोचावे, हे प्रथम ठरवा

शाळांशी जोडलेल्या पथकांचे वर्ष जूनमध्ये सुरू होते, हिशेबाचे वर्ष 31 मार्चला संपते आणि आभाराचे पत्र डिसेंबरात जाते. त्यामुळे पत्रात "या वर्षी" म्हणजे नेमका कोणता काळ, हे पथकाच्या प्रमुखांशी बोलून ठरवा आणि तोच काळ सर्व पत्रांत ठेवा. जानेवारी ते डिसेंबर हा काळ धरणे सोपे जाते, कारण त्यात प्रजासत्ताक दिनाचे संचलन, पावसाळा, स्वातंत्र्यदिन, गणेशोत्सव आणि हिवाळी शिबिर ही सर्व कामे क्रमाने येतात.

तारखेच्या बाबतीत मुंबईचा डिसेंबर समजून घेणे आवश्यक आहे. 5 डिसेंबर हा संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 1985 मध्ये ठरवलेला आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन आहे आणि त्याच दिवशी पत्र द्यावे, असा मोह होतो. परंतु 4 डिसेंबरला नौदल दिन असतो, त्यात सागरी पथके गुंतलेली असतात. 6 डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनानिमित्त दादरला चैत्यभूमीवर लाखो लोक येतात आणि तुमचे कित्येक स्वयंसेवक आदल्या दिवसापासून तेथे सेवेला असतात. त्या गर्दीत दिलेले पत्र पिशवीत तसेच राहते. दुसऱ्या टोकाला, नाताळच्या सुट्टीत अनेक घरे गावी जातात आणि वांद्रे, गोराई, वसईकडील ख्रिस्ती कुटुंबे 20 तारखेनंतर सणाच्या तयारीत असतात. म्हणून 12 ते 20 डिसेंबर या काळातील रविवारच्या कवायतीला पत्र देणे सर्वांत सोयीचे पडते. त्या रविवारी कोणत्या मार्गावर मेगाब्लॉक आहे, हेही आदल्या दिवशी पाहून घ्या आणि कार्यक्रमाची वेळ त्याप्रमाणे ठेवा.

2. यादी करा, आणि ती तीन जणांकडून तपासून घ्या

या संपूर्ण कामातील सर्वांत मोठा धोका एखादे नाव राहून जाण्याचा आहे. साधारण पत्र मिळालेला माणूस ते विसरून जातो. पत्रच न मिळालेला माणूस ते विसरत नाही आणि तसे बोलूनही दाखवत नाही. तो जानेवारीत हळूहळू यायचा बंद होतो.

यादी करताना मैदानात शिटी घेऊन उभे असणारे प्रशिक्षक आपोआप आठवतात. आठवत नाहीत ती मागची माणसे. तुमच्या पथकातही शनिवारी संध्याकाळी भांडाराच्या खोलीत बसून गणवेश लावणाऱ्या एखाद्या आई असतील. बेरेटच्या आतल्या बाजूला पांढरी पट्टी चिकटवून त्यावर बॉलपेनाने माप लिहिणे, पावसात भिजून आलेले पट्टे वर्तमानपत्रावर पसरणे, हरवलेल्या पितळी बक्कलच्या जागी दुसरे लावून देणे, ही त्यांची कामे असतात. आणि मैदानावर त्या कधीच दिसत नसल्यामुळे त्यांचे नाव कामवाटपाच्या तक्त्यातही नसते. तसेच लोकलने मुलांना नेताना जो माणूस सर्वांत शेवटी डब्यात चढतो आणि दादरला गाडी बदलताना पुलाच्या मधोमध उभा राहून मुलांची मोजदाद करतो, त्याच्यामुळेच पालक निर्धास्त असतात. अशा माणसांना शोधण्यासाठी हजेरीपट पुरत नाही. प्रत्येक प्रशिक्षकाला एकच प्रश्न विचारा: "तुमच्या कामात तुम्हाला कोणाची मदत झाली?" या उत्तरांतून निघालेली नावे यादीत मिळवा.

पुढील व्यक्तींचा विचार स्वतंत्रपणे करा, कारण त्यांच्याबाबत नेहमी गोंधळ होतो.

वर्षाच्या मध्येच बदली, नोकरी किंवा आजारपण यांमुळे काम सोडलेले स्वयंसेवक यादीत असलेच पाहिजेत. त्यांनी जेवढे महिने काम केले तेवढ्याचा उल्लेख करावा आणि काम सोडल्याचे कारण पत्रात आणू नये.

वर्षभरात निधन पावलेल्या स्वयंसेवकाच्या कुटुंबाला छापील आभारपत्र पाठवणे योग्य नाही. त्यांना पथकप्रमुखांनी स्वतःच्या हाताने लिहिलेले वेगळे पत्र जावे आणि शक्य असेल तर ते घरी जाऊन द्यावे.

ज्यांच्याशी वर्षात मतभेद झाले, अशांचे नाव वगळावे, अशी सूचना एखाद्या बैठकीत येऊ शकते. ती नम्रपणे पण ठामपणे बाजूला ठेवा. ज्यांनी काम केले आहे, त्या कामाचे आभार मानणे पथकाचे कर्तव्य आहे आणि मतभेदांची जागा दुसरी आहे.

ज्या शाळेचे मैदान वापरता, तेथील पहारेकरी आणि सफाई कर्मचारी पगारी असले तरी रविवारी भल्या सकाळी फाटक उघडण्याचे आणि कवायतीनंतर मैदान आवरण्याचे काम ते तुमच्यासाठी जादा करतात. त्यांचे पत्र शाळेच्या मुख्याध्यापकांमार्फत न देता थेट त्यांच्या नावे द्या आणि मुख्याध्यापकांना त्याची प्रत पाठवा. मानधन घेणाऱ्या अधिकाऱ्यांसाठीही पत्र असावे. फक्त त्याचा मजकूर वेगळा ठेवा.

तयार झालेली यादी पथकप्रमुख, भांडारप्रमुख आणि पालकांपैकी एक अशा तिघांना स्वतंत्रपणे वाचायला द्या. तिघांनाही एकत्र बसवले की पहिला जे म्हणतो त्याला बाकीचे माना डोलावतात.

3. प्रत्येक नावापुढे एक तरी ठोस काम लिहा

आता यादीतील प्रत्येक नावापुढे त्या व्यक्तीने या वर्षात केलेले एक नेमके काम, महिन्यासह, लिहा. "प्रशिक्षणात मदत केली" एवढ्याने भागणार नाही. "ऑगस्टमध्ये संचलनाच्या सरावाला बिगुलवादकांच्या नव्या गटाला रोज सायंकाळी शिकवले" असे हवे. ज्या नावापुढे तुम्हाला काहीच लिहिता येत नाही, तेथे तो माणूस निष्क्रिय आहे असे समजू नका. तुमची माहिती अपुरी आहे असे समजा आणि पुन्हा विचारा.

मुंबईत पथकाचे काम ऋतूप्रमाणे चालते, त्यामुळे आठवण चाळवण्यासाठी महिन्यांचा आधार घ्या. जूनमध्ये नव्या मुलांची भरती, गणवेशाची मापे आणि पालकांच्या शंका. जुलैमध्ये मैदानात पाणी साचल्यामुळे शाळेच्या सभागृहात किंवा व्हरांड्यात घ्यावी लागलेली कवायत. गणपतीत विसर्जनाच्या दिवशी चौपाटीवर गर्दीला वाट दाखवण्याचे काम. दिवाळीनंतर शिबिराची जुळवाजुळव. आणि डिसेंबरपासून 26 जानेवारीच्या संचलनाचा सराव. किनारा स्वच्छतेची मोहीम घेतली असेल तर तिची नोंद वेगळी पाहा. राष्ट्रीय छात्रसेनेने डिसेंबर 2021 मध्ये पुनीत सागर अभियान सुरू केल्यापासून किनाऱ्यांवरील प्लास्टिक गोळा करण्याच्या कामात छात्रसैनिक मोठ्या संख्येने उतरले आहेत, आणि त्या दिवशी हातमोजे, पोती आणि पिण्याचे पाणी पुरवणारी माणसे छायाचित्रांत नसतात.

तासांची किंवा दिवसांची संख्या फक्त हजेरीपटावरून देता येत असेल तरच द्या. अंदाजाने लिहिलेला आकडा कमी निघाला तर माणूस दुखावतो आणि जास्त निघाला तर त्याला स्वतःलाच ते पत्र खोटे वाटते.

4. नावे आणि संबोधने अचूक लिहा

नावातील चूक ही पत्रातील सर्वांत महाग चूक होय. देवनागरीत नाव कसे लिहायचे, हे त्या व्यक्तीलाच विचारा. विशेषतः गुजराती, दक्षिण भारतीय, पारशी आणि ख्रिस्ती नावांच्या बाबतीत स्वतःच्या कानावर विसंबू नका. महिलांच्या नावांपुढे "सौ." किंवा "श्रीमती" लावताना फार जपा. सरकारी पत्रव्यवहारात "श्रीमती" सर्वच महिलांसाठी वापरतात, पण अनेक घरांत ते वेगळ्या अर्थाने घेतले जाते. शंका असेल तेथे उपाधी न लावता पूर्ण नाव लिहावे आणि मजकुरात, नेहमी हाक मारता तसे, "ताई", "काकू" किंवा "मॅडम" म्हणावे. डॉक्टर, प्राध्यापक या उपाध्या विसरू नका. माजी सैनिकांच्या नावापुढे त्यांचा हुद्दा आणि नंतर "निवृत्त" हे लिहायलाच हवे. हुद्दा चुकला तर ते सांगणार नाहीत, पण त्यांच्या लक्षात नक्की येईल.

ज्यांना मराठी वाचता येत नाही त्यांच्यासाठी हिंदी, गुजराती किंवा इंग्रजी प्रत करा. ती त्या भाषेत सहज लिहिणाऱ्या स्वयंसेवकाकडून किंवा पालकाकडून लिहून घ्या आणि तिच्यातील तपशील मराठी पत्राइतकाच भरगच्च ठेवा.

5. मजकूर लिहा

पत्राचे दोन भाग करा. पहिला परिच्छेद सर्वांना सारखा असू शकतो. त्यात पथकाने वर्षभरात काय केले ते चार-पाच वाक्यांत सांगा. दुसरा परिच्छेद मात्र प्रत्येकासाठी नवीन लिहा. वर्षअखेरीच्या चहापानाला स्वयंसेवक आपापली पत्रे एकमेकांना दाखवतात, ही गोष्ट नेहमी ध्यानात ठेवा. "आपल्याशिवाय पथक चाललेच नसते" हे वाक्य दहा जणांच्या पत्रांत निघाले, तर दहाही पत्रांची किंमत जाते. दोन पत्रांमधील लांबीचा फरकही डोळ्यांत भरतो, म्हणून सर्व पत्रे एका पानात आणि शक्यतो सारख्या ओळींत बसवा.

वैयक्तिक परिच्छेद कसा असावा, याचा एक नमुना देतो. तो जसाच्या तसा उतरवू नका. त्यातील रचना पाहा.

"सप्रेम नमस्कार. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मैदान पाण्याखाली गेले, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरील व्हरांड्यात लहान गट करून कवायत घेण्याचे तुम्ही सुचवले आणि त्यासाठी पुढील सर्व रविवारी तासभर आधी येऊन तुम्ही व्हरांडा मोकळा करून घेतलात. त्यामुळे पावसाळ्यात आपली एकही कवायत बुडाली नाही आणि जूनमध्ये भरती झालेली मुले स्वातंत्र्यदिनाच्या संचलनात उभी राहू शकली. तुम्ही रविवारी घरी नसता, तेव्हा घरचे काम सांभाळणाऱ्या तुमच्या कुटुंबीयांचेही पथक ऋणी आहे. त्यांना आमचा नमस्कार सांगावा."

या नमुन्यात आधी काम आहे, मग त्या कामामुळे मुलांना काय मिळाले ते आहे आणि शेवटी घरच्यांचा उल्लेख आहे. मुलांना काय मिळाले, हा भाग नवीन लेखक नेहमी गाळतात आणि तोच स्वयंसेवकाला सर्वांत जवळचा असतो. घरच्यांचा उल्लेखही गाळू नका. मुंबईत रविवार हा कुटुंबाला एकत्र मिळणारा एकमेव दिवस असतो आणि तो दिवस घरच्यांनीही पथकाला दिलेला असतो.

काही गोष्टी पत्रात कटाक्षाने टाळाव्यात.

पुढील वर्षाच्या कामाची मागणी करू नका. "येत्या 26 जानेवारीलाही आपले सहकार्य लाभेल अशी आशा आहे" हे वाक्य आले की आधीचे सर्व आभार त्या मागणीची प्रस्तावना वाटू लागतात. देणगीचे आवाहन, सभासद वर्गणीची आठवण किंवा बैठकीची तारीख यांसाठी जानेवारीत वेगळे पत्र काढा.

तुलना करू नका. "सर्वांत जास्त", "इतरांपेक्षा", "पहिल्या क्रमांकाचे" असे शब्द एकाला सुखावतात आणि बाकीच्यांना दुखावतात. उत्कृष्ट स्वयंसेवक निवडण्याची पद्धत तुमच्या पथकात असेल तर त्याचे प्रमाणपत्र वेगळे द्या.

"अमूल्य सहकार्य", "मोलाचे योगदान", "अथक परिश्रम" हे शब्द चुकीचे नाहीत, पण त्यांच्या पुढे काम लिहिलेले नसेल तर ते कोणालाही लागू पडतात. प्रत्येक पत्र वाचून पाहा: वरचे नाव झाकले, तर पत्र कोणाचे आहे हे ओळखता येते का? येत नसेल तर तो परिच्छेद पुन्हा लिहा.

आणखी एक. कॉलेजात जाणारे तरुण स्वयंसेवक पुढे नोकरी किंवा प्रवेशासाठी अनुभवाचे प्रमाणपत्र मागतात. आभारपत्र हे त्याच्या जागी चालत नाही. त्यांना कालावधी आणि कामाचे स्वरूप सांगणारे, जावक क्रमांक आणि शिक्का असलेले स्वतंत्र प्रमाणपत्र द्या आणि ते मागेपर्यंत थांबू नका.

6. मुलांच्या शब्दांना जागा द्या

वेळ मिळाल्यास ही पायरी अवश्य करा, कारण पत्रातील सर्वांत जपून ठेवला जाणारा भाग हाच असतो. डिसेंबरच्या पहिल्या कवायतीला मुलांना कागदाच्या छोट्या चिठ्ठ्या द्या आणि सांगा, "या वर्षी ज्यांनी तुम्हाला एखादी गोष्ट शिकवली किंवा मदत केली, त्यांना एक वाक्य लिहा." विषय दिला, फळ्यावर नमुना लिहिला की सगळ्या चिठ्ठ्या एकसारख्या येतात. मोकळे सोडले तर "शिबिरात ताप आला होता तेव्हा सर रात्री दोनदा बघायला आले" असे वाक्य येते, जे तुमच्या कोणत्याही नोंदवहीत नसते.

मुलांचे शुद्धलेखन सुधारू नका. स्वयंसेवकाचे नाव चुकले असेल तर तेवढेच नीट करा. मात्र प्रत्येक चिठ्ठी एखाद्या शिक्षकांनी वाचलेली असावी. एखाद्या मुलाने घरची अडचण किंवा आजार लिहिला असेल, तर ती चिठ्ठी पत्रासोबत न लावता बाजूला ठेवावी आणि त्या मुलाशी कोणीतरी बोलावे. ज्या स्वयंसेवकाच्या वाट्याला एकही चिठ्ठी आली नाही, त्याच्यासाठी ज्येष्ठ छात्रसैनिकांपैकी कोणाला तरी त्या कामाची माहिती देऊन लिहायला सांगा. भांडारात काम करणाऱ्यांच्या बाबतीत असे हमखास होते.

7. छायाचित्रे, बोधचिन्हे आणि तिरंगा

पत्रासोबत छायाचित्र जोडायचे असेल तर मुलांच्या पालकांची लेखी संमती आहे का, हे पाहा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि त्याची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या संमतीची तरतूद केली आहे. छायाचित्राखाली मुलांची पूर्ण नावे, शाळा आणि इयत्ता एकत्र छापू नका.

भेटकार्ड सजवणारी मंडळी उत्साहाने पाठीमागे तिरंगा ठेवतात आणि त्यावर "धन्यवाद" अशी अक्षरे टाकतात. हे करू देऊ नका. राष्ट्रध्वजावर कोणताही मजकूर लिहिण्यास राष्ट्रीय सन्मान अवमान प्रतिबंध कायदा, 1971 ने मनाई केली आहे आणि त्या कायद्याच्या व्याख्येत ध्वजाचे चित्र व छायाचित्रही येते. अशोकस्तंभाच्या राजमुद्रेचा वापरही 2005 च्या कायद्याने मर्यादित केला आहे. खाजगी पथकाच्या पत्रावर ती छापता येत नाही. मुख्य संघटनेचे बोधचिन्ह वापरायचे असेल तर वरिष्ठ कार्यालयाची परवानगी आधी घ्या. साधे पत्रशीर्षक आणि चांगला जाड कागद एवढ्यानेही पत्र शोभते.

8. तपासणी, छपाई आणि सही

छपाईपूर्वी प्रत्येक पत्र मोठ्याने वाचा. अडखळलेले वाक्य तोडा. संगणकावर एका पत्राची प्रत करून दुसरे लिहिताना आधीचे नाव किंवा लिंग तसेच राहते आणि "आपण आलात, ताई" च्या जागी "आलात, सर" निघते. म्हणून नाव, संबोधन आणि कामाचा परिच्छेद यादीशी ताडून पाहण्याचे काम लिहिणाऱ्याव्यतिरिक्त दुसऱ्याने करावे.

सही पथकप्रमुखांची, पेनाने केलेली असावी. स्कॅन केलेली सही चिकटवू नका. त्यांना सर्व पत्रे एकाच बैठकीत न देता तीन-चार दिवसांत थोडी थोडी द्या, म्हणजे ते मजकूर वाचतील आणि एखाद्या पत्राच्या तळाशी स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहितील. त्या एका ओळीसाठी खाली जागा मोकळी सोडा.

9. पत्र हातात देणे

ठरलेल्या रविवारी कवायत संपल्यावर, मुले रांगेत असताना, पथकप्रमुखांनी आडनावांच्या वर्णानुक्रमाने नावे घेऊन पत्रे द्यावीत. वर्णानुक्रम आहे हे सुरुवातीलाच सांगावे, म्हणजे कोणाला आधी आणि कोणाला नंतर, हा प्रश्न उरत नाही. भांडारातील आणि स्वयंपाकातील माणसांना त्या वेळी मैदानावर बोलवा. ती नेहमीप्रमाणे आतच राहतील, म्हणून कोणाला तरी त्यांना आणायला पाठवा. शाल-श्रीफळ देण्याचा विचार असेल तर सर्वांना द्या, नाहीतर कोणालाच नको. पाहुण्यांची भाषणे या कार्यक्रमात ठेवू नका. चहा आणि बटाटावडा यांवर गप्पा होऊ द्या.

जे आले नाहीत त्यांची पत्रे त्याच आठवड्यात घरी पोहोचवा. मुलांना एकट्याने कोणाच्या घरी पत्र देऊन पाठवू नका. सोबत मोठी व्यक्ती हवीच. मुंबईबाहेर गेलेल्यांना टपालाने पाठवताना पाकिटावर पथकाचा परतीचा पत्ता लिहा.

व्हॉट्सॲपवर संदेश पाठवायचा असेल तर तो कागदी पत्रानंतर पाठवा. त्यासाठी सर्वांचा नवा समूह काढल्यास प्रत्येकाचा क्रमांक सर्वांना दिसतो आणि काही महिला स्वयंसेवकांना ते नको असते. ब्रॉडकास्ट यादी वापरता येते, परंतु ज्यांनी तुमचा क्रमांक जतन केला आहे त्यांनाच तो संदेश मिळतो. इतरांना वेगळा पाठवावा लागतो.

10. पत्रे दिल्यानंतर

प्रत्येक पत्राची प्रत जावक क्रमांकासह फाइलला लावा आणि नावांची अंतिम यादी, कामांच्या नोंदींसह, पथकाच्या कपाटात ठेवा. काही जण उत्तर पाठवतील, त्यांत कधी एखादी दुरुस्तीही असेल: कामाचा महिना चुकला, बरोबरचे दुसरे कोणी राहिले. ज्यांचे नाव राहिले असे कळेल, त्यांचे पत्र त्याच आठवड्यात लिहा. त्यावर त्या दिवसाची खरी तारीख घाला आणि पथकप्रमुखांनी ते स्वतः नेऊन द्यावे.

जानेवारीच्या पहिल्या कवायतीला एक नवीन दोनशेपानी वही भांडाराच्या टेबलावर दोरीने पेन बांधून ठेवा. दर रविवारी निघताना कोणीही, मुलांसह, त्या दिवशी कोणी काय केले ते एका ओळीत तारखेसह लिहावे, एवढाच तिचा नियम. ती वही कोणाच्याही घरी जाऊ देऊ नका.